चित्र अजून ओलं आहे, वन्सं

काल तुमचा तेरावा झाला. जेवून उठलेला एकूण एक माणूस हात पुसत तेच बोलत होता, ताईंना फळांची भारी आवड होती. धंतोलीच्या मावशींनी तर डोळ्यांना पदर लावला आणि तुमच्या फोटोपुढे टोपलीभर संत्री मांडली. मी वाढत होते. मला इतकं हसू आलं की भाताचं पातेलं घेऊन मी आत पळाले, आणि आत गेल्यावर चुलीपुढे बसून रडले. सासूबाईंना वाटलं धूर लागला.

फळ तुमच्या घशाखाली उतरत नसे, हे या घरात मला एकटीला ठाऊक आहे. माझं लग्न होऊन मी खाप्याहून इथे नागपूरला आले त्याच्या कितीतरी आधी तुम्ही विधवा होऊन माहेरी परतला होतात. तेव्हापासून एकादशी, सोमवार, चतुर्थी, आणि चातुर्मासात तर विचारायलाच नको, या ना त्या उपासाच्या नावाखाली सासूबाई तुमच्या ताटलीत फळंच ठेवत आल्या. विधवेच्या जिभेला चव कशाला हवी, असा हिशेब. आणि तुम्ही ती ताटली पदराखाली झाकून माडीवर न्यायचात. घरच्यांना वाटे, पोर देवाचं नाव घेत एकांतात फराळ करते आहे. तुम्ही ती फळं पितळेच्या तबकात मांडून त्यांचं चित्र काढत बसायचात, पोटात नुसतं पाणी. चित्र होईस्तोवर केळं काळं पडे, पेरूला वास सुटे, मग ते सगळं गाईपुढे जाई. एकदा मी विचारलं होतं, एखादी फोड तरी खावी. तुम्ही म्हणालात, "ज्याच्याकडे दिवसभर पाह्यलं, ते मले गिळवत नाही."

आता तुमच्या फोटोपुढे संत्री आहेत. भोगा.

मृत माणसाशी असं बोलू नये म्हणतात. पण आपण दोघी गोड कधी बोललो होतो, की आजच सुरुवात करावी? तुमची जीभ म्हणजे सुरी. मीही काही तोंडात मूग धरून बसणारी नव्हते, पण बोलायला लागले ते तुमच्याकडे शिकूनच. सासरी आले तेव्हा मी खाली मान घालून भाकरी थापणारी होते.

माडीवर मी पहिल्यांदा आले ते माझं मूल जाऊन महिना झाला नव्हता तेव्हा. मेलेलंच जन्मलं ते. घरात येणारी प्रत्येक बाई माझ्या गळ्यात पडून रडायची, आणि दारातून बाहेर पडताना माझ्यातच काय खोट असेल ते बोलायची. तुम्ही तेवढ्या आला नाहीत. एका दुपारी मीच जिना चढून वर आले आणि तुमच्या दारात बसून हुंदके द्यायला लागले. तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"रडायचं असंन तर खाली जाय. खाली लई बाया आहेत रडायले," तुम्ही म्हणालात. "इथं बसायचं असंन तर हे संत्र काढ."

आणि कोळशाचा तुकडा माझ्याकडे भिरकावलात. तो माझ्या कपाळाला लागला. मी संत्रं काढलं. वाटोळं, बाळाच्या डोक्याएवढं काढलं. तुम्ही त्याकडे बराच वेळ पाहिलंत, पुसलंत, आणि म्हणालात, "तबकातलं लहान आहे. पुन्हा काढ." त्या दिवशी मी ते कितीदा काढलं कोण जाणे. जिना उतरताना माझ्या ध्यानात आलं की आपण दुपारभर रडलो नाही. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते. तुम्ही असतात तर हे ऐकून तोंड वाकडं केलं असतंत.

पुढचा सगळा तुमचा छळवादच. तुम्ही स्वतः मिशनच्या शाळेतल्या मडमेकडून शिकलात, ती तुमच्याशी किती हळू बोलायची हे तुम्हीच सांगायचात. मग ते हळू बोलणं कुठे ठेवून आलात? मी संत्र्याची सावली काढायला काळा रंग घेतला, तर तुम्ही हातातला ब्रश हिसकावलात. "काहून वं इंदे, काजळाची डबी समजली का हे? सावलीत पाह्य. तबकाचा पिवळा आहे, खिडकीचा निळा आहे. काळा कुठं दिसून राहिला तुले?" मला निळा दिसत नव्हता. मी खोटंच हो म्हणाले. तुम्हाला ते कळलं, आणि दिवसभराचं काम तुम्ही पातीने खरवडून काढलंत. रंग जमिनीवर पडला, तो मलाच पुसायला लावलात. पण पुसता पुसता मान वर केली तर तबकाच्या कडेला, संत्र्याच्या बुडाशी, निळं होतं. मी खाली मान घालून पुसत राहिले. तुम्हाला तेवढं सुख कशाला द्या?

कापड मांजरपाटाचं, त्याला सरस आणि खडूचं अस्तर, हे मी करायचं. तेल जवसाचं. तेच स्वयंपाकाला, तेच रंगाला. तुम्ही स्वयंपाकघरातून वाटीवाटीने ते पळवायचात आणि काचेच्या बरणीत घालून उन्हाळाभर गच्चीवर ठेवायचात. नागपूरचं ऊन, महिन्याभरात ते मधासारखं व्हायचं. सासूबाई घाण्यावरच्या तेल्याला शिव्या द्यायच्या की माप कमी घालतो. ब्रशाचं तर विचारूच नका. ते डुकराच्या केसांचे असतात हे मला माहीत झालं तेव्हा मी हात धुवायला धावले, आणि तुम्ही पोट धरून हसलात. खाली सांगून ठेवलं होतंत की घोड्याच्या शेपटीचे आहेत. सोवळ्यातल्या सासूबाई ते उन्हात वाळत घातलेले ब्रश स्वतःच्या हाताने उचलून आत आणून द्यायच्या, पाऊस येतो म्हणून.

मग ते पोल्या संत्र्याचं भांडण. माझ्या वडिलांची खाप्याला बाग. ते दर बहाराला टोपली पाठवायचे. तुम्ही त्यातलं सगळ्यात मोठं निवडून मांडलंत आणि चांगलं भरलेलं, रसरशीत रंगवलंत. मी म्हटलं, "वन्सं, हे पोलं आहे. आतून साल सुटली आहे त्याची. वरून वजन दिसते, पण आत फोडी सुकल्या आहेत."

"चित्रातलं संत्र कोणी सोलून पाहते का?"

"पण सुटलेल्या सालीवर उजेड वेगळा पडते. ढिला पडते. तुम्ही पाहून नाही राहिल्या."

"तुझ्या बापाच्या बागेत वाढलीस म्हणून मले शिकवतं का?"

दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मग त्या संत्र्यावर पुन्हा हात फिरवलात की नाही, हे मला आजपर्यंत नक्की सांगता येत नाही. मला वाटतं फिरवलात. कधी वाटतं की मीच बरोबर ठरावं म्हणून माझे डोळे तसं पाहतात. ते चित्र अजून जिन्यात लटकतं आहे. तुम्ही एका शब्दाने मोकळं केलं असतंत तर मी दर वेळी जिना चढताना थांबले नसते.

आता मुळाशी येते. दर संक्रांतीला बर्डीवर बायकांच्या मंडळात हळदीकुंकू असे आणि तिथे भिंतीवर विणकाम, भरतकाम, रांगोळ्यांचे कागद आणि तुमची चित्रं लागत. हळदीकुंकवाला तुम्हाला बोलावणं नसे. चित्रांना असे. तुम्ही घरी बसायचात आणि मी चित्र घेऊन जायची, आणि तुमच्या नावाची वाहवा ऐकून यायची. मला एकदा तरी माझ्या नावाचं चित्र तिथे लागायला हवं होतं. एवढंच. लुगडी नकोत, पाटल्या नकोत. मूल देवाने दिलं नाही तर निदान एक संत्रं तरी माझ्या नावाचं असावं. हे तुम्हाला मी सांगितलं होतं, आणि तुम्ही हसला नव्हतात, म्हणून मला वाटलं तुम्हाला पटलं.

मी काढत गेले. चित्रं चांगली होत गेली, हे मला कळत होतं. पण एकही टिकेना. उन्हाळा आला की वरच्या रंगाला तडे जात. मे महिन्यात संत्र्यांच्या अंगावर भेगा पडत, उन्हात वाळलेल्या तळ्याच्या गाळासारख्या. तुमच्या चित्राला कधी एक रेघ नाही. तेच कापड, तोच रंग, तेच तेल. मी तुम्हाला विचारलं, माझं काय चुकून राहिलं? तुम्ही तुमच्या चित्रावरून नजर न काढता म्हणालात,

"तुझं पोटातलं टिकलं नाही. कापडावरचं कसं टिकंन?"

वन्सं, हे तुम्ही म्हणालात. ते वाक्य मी कोणालाच सांगितलं नाही, तुमच्या भावाला, माझ्या नवऱ्यालाही नाही. एखाद्याने जन्मभर पुरेल एवढं मारावं आणि मग शांतपणे ब्रश धुवावा, तसं तुम्ही ब्रश धुतलात. मी पुन्हा वर येणार नव्हते. दुसऱ्या दिवशी आले. खाली करण्यासारखं काय होतं?

त्या हिवाळ्यात एकदा खाली कोणीतरी आलं म्हणून तुम्ही घाईने उतरलात आणि तुमच्या दोन वाट्या उघड्या राहिल्या. मी बोट बुडवून पाहिलं. पहिल्या थरासाठी तुम्ही जे पातळ करत होतात त्यात बहुतेक टर्पेंटाईनच होतं, तेल नावाला. दुसरी वाटी वरच्या थरांची, ती दाट तेलाची. आणि माझ्या वाट्या? त्या तुम्हीच भरून द्यायचात. मला पहिल्या थरालाच दाट तेल, आणि वर पातळ. वरचा थर लवकर सुकायचा, खालचा सावकाश सुकत हलत राहायचा, आणि वरच्याला तडे जायचे. मी कापडाच्या एका तुकड्यावर तुमच्यासारखं करून पाहिलं आणि कोठीत लपवून ठेवलं. उन्हाळा गेला. एक भेग नाही.

मी तो तुकडा तुमच्या पुढ्यात आपटला. तुम्ही नाकारलं असतंत तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही नाकारलं नाही.

"तुले नवरा आहे," तुम्ही म्हणालात. "घर आहे. कुंकू आहे. उद्या पोरगंही होईन. मले हे एवढंच आहे वं. हे बी वाटू का?"

आणि मी म्हणाले, की तुम्ही पांढऱ्या पायाच्या आहात, ज्याला हात लावता ते मरतं. शब्दाला शब्द. ते मी मागे घेत नाही, तुमचंही तुम्ही मागे घेतलं नाहीत. खाली सासूबाईंनी जिन्यावरून विचारलं, काय पडलं, आणि दोघींनी एका सुरात सांगितलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या पाटाशी दोन वाट्या होत्या. एक पातळ, एक दाट, बरोबर क्रमाने मांडलेल्या. तुम्ही पाठमोऱ्या बसला होतात. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. ही तुमची माफी होती की हार होती, मी कितीदा विचार केला. पण त्या दिवसापासून तुम्ही मला जे शिकवलंत ते सगळं खरं शिकवलंत. सीताफळाच्या खवल्यांवरचा तो राखी पांढरटपणा शेवटी, कोरड्या ब्रशाने, श्वास धरून. तबकात पडलेली फळाची छाया फळापेक्षा आधी रंगवायची. माझ्या आईने मला इतकं मन लावून काही शिकवलं नव्हतं.

दसरा गेला आणि तुम्ही तापाने पडलात. हात थरथरायला लागला. तरी मांडणी तुम्हीच केलीत, खाटेवर बसून. दोन संत्री, फुटायला आलेलं एक सीताफळ, तेच पितळी तबक. कोन तुमचा, खिडकी किती उघडायची ते तुमचं, रंग कोणता लावायचा ते तुम्ही सांगायचं आणि लावायचा मी. माझ्या हातून तसं काम आजवर झालं नव्हतं. तुम्हालाही ते दिसत होतं, कारण तुम्ही शिव्या देणं बंद केलं होतंत.

डॉक्टरांनी संत्र्याचा रस द्यायला सांगितलं. माझ्या हातात आयतीच सत्ता आली. सकाळ-संध्याकाळ मी रस काढायचे आणि चमच्याने पाजायचे. तुम्ही तोंड फिरवायचात, मी हनुवटी धरून वळवायची. "नको वं इंदे, मळमळते," तुम्ही म्हणायचात, आणि मी म्हणायची, "डॉक्टरनं सांगितलं आहे." ओकारी आली तर पुसायची आणि पुन्हा चमचा. सगळं घर म्हणायचं, सून किती करते नणंदेचं. मला त्या चमच्यात सुख होतं, आणि रोज सकाळी तुमच्या नाकाशी हात धरून श्वास चालतो आहे की नाही हे पाहिल्याशिवाय मी चुलीकडे जात नसे. दोन्ही खरं आहे. यातलं एकच खरं मानायला मला कोणी सांगू नये.

शेवटी तुम्ही माझं मनगट धरलंत. तुमच्या बोटांत तेव्हाही जोर होता.

"इंदे, हे पुरं करजो. फक्त चमक राह्यली आहे. संक्रांतीले लावजो." आणि मनगट न सोडता, "अन् खाली माझं नाव टाकजो."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्हाला माहीत होतं मला काय हवं होतं. सगळं माहीत असून मागितलंत. नजर तुमची होती हे मी नाकारत नाही, पण हात माझा होता, वन्सं. मी म्हटलं, "पडून राहा." मी ब्रश धुवायला उठले. उत्तर ऐकायला तुम्ही दुसऱ्या दिवशी नव्हतात.

दहाव्याला पुरुष मंडळी घाटावर गेली. मी तांदूळ निवडत होते. ऊन चढलं तरी कोणी परत येईना, तेवढ्यात धाकटे भाऊजी सायकलवरून आले आणि अंगणातच उभे राहिले. घामाने निथळत होते.

"वहिनी, कावळा शिवून नाही राहिला. झाडावर बसले आहेत, पण खाली येत नाहीत. दादानं सगळं बोलून पाह्यलं. आईले सांभाळू म्हणाला, दानधर्म करू म्हणाला. फळं ठेवली, तरी नाही." त्यांचे डोळे लाल होते. "ताई तुमच्याजवळच बसे. तिची काही इच्छा राह्यली होती काय? काही बोलली होती तुमच्यापाशी?"

एक वाक्य पुरे होतं. चित्राखाली तुमचं नाव घालते म्हणावं, एवढंच भाऊजींनी घाटावर जाऊन सांगितलं असतं, की कावळ्याने झडप घातली असती. मला त्याबद्दल शंका नाही. मी तांदळातला खडा काढला आणि म्हणाले,

"नाही. माझ्यापाशी काही बोलल्या नाहीत."

ते गेले. मग दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी परतली. तुमचे थोरले भाऊ आले ते कॉटवर पडून राहिले. त्यांना वाटतं आहे की बहिणीच्या मनात काय होतं ते त्यांना कधी कळलं नाही. हा सल त्यांना जन्मभर राहील, आणि तो मी दिला आहे.

रागानेच केलं. पण नुसत्या रागाने असतं तर मी आतापर्यंत निवांत झाले असते. भाऊजी अंगणात उभे होते तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट आली, की मी हो म्हटलं तर तुम्ही सुटाल. कावळा खाली येईल, तुम्ही समाधानाने जाल, आणि माडीवर मी एकटी उरेन. मग मी कोणाची चूक काढू, कोणाशी भांडू, कोणाच्या पाठीकडे पाहत ब्रश धरू? माझ्या मुलासाठी मी असं काही करू शकले नव्हते. त्याला कोणी विचारलंच नाही, जातोस की राहतोस. तुमच्या वेळी विचारायला माणूस दारात आला होता. मी तुम्हाला जाऊ दिलं नाही.

आज पाहुणे गेले आणि मी वर आले. सीताफळ मांडलं होतं तिथे नुसत्या काळ्या बिया आणि मुंग्या आहेत. संत्री आक्रसली आहेत. पण चित्रावर बोट टेकलं तर खालचे थर वाळलेत आणि वरचा अजून चिकटतो. फळांवरच्या उजेडाची चमक तेवढी ठेवायची आहे. ती कुठे ठेवायची, किती जाड, हे तुम्ही मला नीट सांगितलं नाहीत, आणि माझा हात एकटीच्या भरवशावर धजत नाही. मला भीती वाटते आहे, वन्सं. हे मी तुम्हाला तुम्ही असताना कबूल केलं नसतं.

दार लोटून घेतलं आहे. तुमचा पाट होता तिथेच आहे. दोन्ही वाट्या मी भरल्या आहेत. उद्या उजेड झाला की बसणार आहे, आणि चित्र झालं की खाली नाव माझंच घालणार आहे. अडवायचं असेल तर तुम्हाला इथे राहावं लागेल.